पावसाळा ओटीवर, हिवाळा किनाऱ्यावर

पौष-माघातील पहाटे दिवेआगरच्या किनाऱ्यावर जो उभा राहिला असेल, त्याला त्या वेळेची शांतता निराळी सांगावी लागत नाही. मागे सुरूचे बन, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या, समोर पश्चिमेला संथ अरबी समुद्र. हवेत बोचरी नव्हे, पण अंगावर शाल घ्यावीशी वाटेल एवढी थंडी. ओहोटीची वेळ असेल तर चार-पाच किलोमीटरांचा हा किनारा घट्ट, ओलसर वाळूचा जणू राजमार्ग होतो. श्रीवर्धन तालुक्यातील हे गाव वाचकांना परिचित आहे ते १९९७ साली वाडीत खणताना सापडलेल्या सुवर्णगणेशामुळे, रूपनारायणाच्या मंदिरामुळे आणि येथे मिळालेल्या अकराव्या शतकातील ताम्रपटामुळे. व्यायामाच्या दृष्टीने मात्र या गावाकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तिन्ही गोष्टींसाठी निसर्गाने एकाच गावात इतकी सोय करून ठेवलेली ठिकाणे महाराष्ट्रात मोजकीच असतील.

या तीन व्यायामांच्या सलग स्पर्धेला ‘ट्रायथलॉन’ म्हणतात. आता हे नाव मराठी घरांतही ऐकू येऊ लागले आहे. कोणाचा पुतण्या पुण्यात त्याची तयारी करीत असतो, कोणाची सून परदेशातील हिवाळ्यात व्यायामशाळेच्या छताखाली अशी स्पर्धा पूर्ण केल्याचे छायाचित्र पाठवते. पन्नाशी ओलांडलेले, दिवसभर गादीवर वा खुर्चीवर बसून काम केलेले गृहस्थही ‘आपल्याला हे जमेल काय?’ असा प्रश्न मनातल्या मनात विचारू लागले आहेत. या प्रश्नाचे उत्तर उत्साहाने देण्यासारखे आहे, तसेच ते जबाबदारीनेही द्यावे लागते. कारण या खेळात प्रकृतीचा लाभ आहे आणि बेसावध माणसाच्या जिवाला धोकाही आहे.

स्पर्धेचा जन्म आणि छताखालचा अवतार

आजच्या स्वरूपातील पहिली ट्रायथलॉन २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो शहराजवळ मिशन बे येथे झाली. त्यानंतर १९७८ च्या फेब्रुवारीत हवाईतील ओआहू बेटावर पंधरा जणांनी एका विलक्षण दिव्यास प्रारंभ केला : समुद्रात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटरांची पूर्ण मॅरेथॉन. त्यांपैकी बारा जण शेवटपर्यंत पोहोचले. हीच ‘आयर्नमॅन’ स्पर्धेची सुरुवात. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा समावेश झाला, तो दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे या आटोपशीर स्वरूपात. नवशिक्यांसाठी त्याचेही निम्मे करून ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर असा लघुप्रकार रूढ आहे.

महाराष्ट्रात या खेळाची ओळख सर्वदूर झाली ती अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांत. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, वयाच्या पन्नाशीत, झुरिच येथील आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. महाराष्ट्र पोलीस दलातील वरिष्ठ अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी २०१७ साली फ्रान्समध्ये हा मान मिळविला. पुण्याचे डॉ. कौस्तुभ राडकर स्वतः ही स्पर्धा अनेकदा पूर्ण करून इतरांना प्रशिक्षण देत आले आहेत. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामार येथे भारतातील पहिली ‘आयर्नमॅन ७०.३’ म्हणजे अर्ध्या अंतराची स्पर्धा झाली आणि घाटावरच्या व कोकणातल्या हौशी मंडळींना परदेशी न जाता आपली कसोटी पाहण्याची सोय झाली.

अमेरिका-युरोपात हिवाळ्यात तलाव गोठतात, रस्त्यांवर बर्फ साचतो. तेव्हा तेथील लोक छताखाली ट्रायथलॉन करतात. तरणतलाव, जागच्या जागी चालणारी सायकल आणि ट्रेडमिल ही त्याची साधने. या स्पर्धेची एक खुबी ध्यानात घेण्याजोगी आहे. मैदानी स्पर्धेत अंतर ठरलेले असते आणि वेळ मोजतात; छताखालच्या स्पर्धेत पुष्कळदा वेळ ठरलेली असते आणि अंतर मोजतात. दहा मिनिटे पोहणे, तीस मिनिटे सायकल, वीस मिनिटे धावणे, हा त्याचा एक प्रचलित नमुना. मधल्या विश्रांतीसह सव्वा तासात सारे आटोपते. कोणी मागे राहत नाही, कारण सर्वजण एकाच वेळी थांबतात. पुढे २०२० साली, साथीच्या काळात जगभरच्या स्पर्धा बंद पडल्या असता, रॉटरडॅम येथे व्यावसायिक खेळाडूंसाठीही असा प्रयोग झाला : २०० मीटर पोहणे, ४ किलोमीटर सायकल व १ किलोमीटर धावणे, अशा लहान लहान फेऱ्या. छताखालचा सराव म्हणजे नाइलाजाची तडजोड, हा समज तेव्हापासून मागे पडला.

ऋतू उलटे, अडचण तीच

कोकणात हे गणित उलटे होते. दिवेआगरला हिवाळ्यात घरात कोंडून घेण्याचे काही कारणच नाही. जानेवारीत पहाटेचे तापमान सतरा-अठरा अंशांच्या आसपास आणि समुद्राचे पाणी त्याहून बरेच उबदार. कोंडून घेण्याची वेळ येते ती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या किनारपट्टीवर त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. भरडखोलसारख्या गावांतील जन्मभर समुद्रावर वावरलेले कोळी बांधवही होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला विश्रांती देतात. ज्या पाण्याला ते टाळतात, त्यात हौशी पोहणाऱ्याने उतरू नये, हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही. रस्त्यावर शेवाळ, वळणांवर माती, आणि अंगण तर इतके निसरडे की वयस्कर माणसाने तेथे जपूनच पाऊल टाकावे.

आणि नेमकी गोव्याची स्पर्धा येते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे पावसाळा ओसरता ओसरता. जो केवळ मोकळ्या हवेत सराव करीन म्हणेल त्याच्या हाती तयारीला जेमतेम महिनाभर उरतो. म्हणून पाश्चात्त्यांचा हिवाळा तो आपला पावसाळा. त्यांची व्यायामशाळा ती आपली ओटी-पडवी.

जैन वाचकाला यात एक ओळखीची लय दिसेल. आषाढ ते कार्तिक या चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवून एका जागी वास करतात. पावसाने जमिनीवर जीवजंतूंची दाटी झालेली असते, त्यांची हिंसा टळावी हा त्यामागील मूळ हेतू. विहार थांबतो, साधना थांबत नाही. उलट ती अधिक खोल होते. ओल्या गवतातून, चिखलातून धावण्याऐवजी चार महिने छताखाली पाया भरावा आणि आकाश मोकळे झाल्यावर बाहेर पडावे, ही व्यवस्था त्या परंपरेशी सुसंगतच आहे. मराठी मातीलाही छताखालचा व्यायाम नवा नाही. तालमीतील लाल मातीचा हौदा, मल्लखांब, जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार हे सारे पावसापाण्याची पर्वा न करता बारमाही चालत आलेले आहे.

विजेवाचून चालणारी व्यायामशाळा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा या पट्ट्यात घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत भुईसपाट झाल्या. ज्या रोठा सुपारीसाठी श्रीवर्धनचे नाव आहे, तिची बाग नव्याने लावली तर फळ हाती यायला पाच-सात वर्षे जातात. नारळालाही तेवढाच धीर धरावा लागतो. तरीही बागायतदारांनी पडलेली झाडे बाजूला करून पुन्हा रोपे लावली. चिकाटीचा धडा घ्यायचा तर परदेशातील खेळाडूकडे जाण्यापूर्वी दिवेआगरच्या वाडीकडे पाहावे.

त्या वादळाने व्यवहाराची एक गोष्टही शिकविली. कोकणात पावसाळ्यात विजेवर विसंबून राहता येत नाही. म्हणून घरचा सराव विजेवाचून चालणारा असावा. महागडी ट्रेडमिल घेण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

सायकलीसाठी मागील चाक ज्यावर टेकवता येते असा चुंबकीय अवरोधाचा साधा ‘ट्रेनर’ पुरतो. त्याला वीज लागत नाही. मात्र जागच्या जागी सायकल चालविताना समोरून वारा लागत नाही, आणि कोकणच्या दमट हवेत घाम सुकत नाही. त्यामुळे शरीर तापते. सायकल पडवीत, वारा खेळता असेल तेथे लावावी. सरावाच्या आधी व नंतर वजन करून पाहावे. एक किलो वजन घटले तर साधारण एक लिटर पाणी शरीरातून गेले, असा हा सोपा ताळेबंद आहे.

धावण्यासाठी ओटीच्या पायऱ्या हे उत्तम साधन. दहा मिनिटे चढ-उतार, जागच्या जागी गुडघे उंच उचलून धावणे, थोडी दोरीवरची उडी. गुडघे दुखत असतील तर उडी वर्ज्य करून केवळ चढ-उतार. त्याच्या जोडीला सूर्यनमस्कार, बैठका आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव. साठीनंतर पडण्याचे भय मोठे असते आणि तोल हीच त्यावरची खरी विमा-पॉलिसी.

पोहण्याचा प्रश्न सर्वांत कठीण. पर्यटक-निवासातील लहान तलाव चार हातांत संपतो. यावर उपाय असा, की कमरेला रबरी पट्टा बांधून त्याचे दुसरे टोक काठाला पक्के करावे; मग जागच्या जागी हवा तेवढा वेळ पोहता येते. तलावही नसेल तर घरातील खांबाला रबरी दोऱ्या बांधून हात मारण्याचा सराव करावा. त्याने खांदे तयार होतात. श्वासाची लय मात्र पाण्यातच येते. म्हणून महिन्यातून काही दिवस तरी शहरातील पंचवीस मीटरांच्या तलावावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जावे.

आणखी एक बारकावा. सायकलीवरून उतरून लगेच धावू लागले की पाय लाकडासारखे जड होतात, कारण स्नायूंना एका हालचालीची सवय झालेली असते. हे टाळता येत नाही, पण सवयीने सुसह्य होते. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे सायकल आणि लगेच पाच मिनिटे पायऱ्या, एवढे केले तरी शरीर ती ओळख लक्षात ठेवते.

वेळेचा जमाखर्च

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला आहे, आणि त्याबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. आठवड्यात १६८ तास असतात. त्यांतील पाच तास, म्हणजे शेकडा तीनच्या आतबाहेर, एवढी गुंतवणूक लघु ट्रायथलॉनच्या पायाभरणीला पुरते. तिची वाटणी अशी करता येईल : पोहणे किंवा त्याचा कोरडा सराव एक तास, सायकल दोन तास, धावणे-चालणे एक तास, सूर्यनमस्कार व तोलाचे व्यायाम एक तास. एक दिवस पूर्ण विश्रांती.

नवशिक्याने सुरुवात याच्या निम्म्याने करावी. तीन आठवडे थोडे थोडे वाढवावे आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावे. एका आठवड्यात साधारण एक दशांशाहून अधिक वाढ करू नये. आवर्त ठेवीप्रमाणे हे खाते लहान हप्त्यांनी आणि न चुकता भरल्यानेच वाढते. एकदम मोठी रक्कम भरून मागील थकबाकी फेडण्याचा प्रयत्न येथे दुखापतीत संपतो. जोर किती असावा याची साधी कसोटी म्हणजे बोलणे : व्यायाम करीत असताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. धाप लागून शब्द तुटू लागले तर वेग कमी करावा. सरावाचा बहुतांश भाग याच मर्यादेत असावा.

तिथी, भरती आणि किनारा

कार्तिक सरला की दिवेआगरचे दार उघडते. सायकलीसाठी भरडखोल, शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धनला जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता आहे. अंतर अंदाजे वीस-बावीस किलोमीटर. म्हणजे एकेरी फेरीत लघुप्रकाराचे अंतर, आणि जाऊन-येऊन ऑलिंपिक प्रकाराचे. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर आणि मधूनमधून चढ-उतार. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची वर्दळ असते. त्या दिवशी सूर्योदयानंतर लवकर निघून नऊच्या आत परतावे. घरी येताच सायकल गोड्या पाण्याने पुसून साखळीला तेल द्यावे, नाहीतर खारी हवा महिनाभरात तिचा गंज करते.

धावणे आणि पोहणे यांचे वेळापत्रक मात्र घड्याळ ठरवत नाही, तिथी ठरवते. कोकणातील जुना ठोकताळा असा : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला. दिवसातून दोनदा भरती येते आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरला तरी हा हिशेब नियोजनाला पुरतो. पंचांग ज्या घरात नित्य उघडले जाते तेथे त्याचा उपयोग सहज होईल.

अमावास्या-पौर्णिमेला भरती मध्यान्हाच्या सुमारास, म्हणून पहाटे सहाच्या आसपास ओहोटी. त्या दिवसापासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी धावण्यास सर्वोत्तम, कारण घट्ट वाळू उघडी पडलेली असते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत धावू नये; टाचेच्या वरची शीर दुखावते. नवमी ते द्वादशी या दिवसांत सकाळी सात ते नऊच्या दरम्यान भरती पूर्ण होते, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असल्याने पाण्याचा जोरही कमी असतो. पोहावयाचे असेल तर भरती संपत आलेली ही वेळ निवडावी. ओहोटी लागल्यावर पाणी माणसाला आत ओढते. तेव्हा पाण्यात राहू नये. उधाणाच्या दिवशी तर समुद्राला दुरूनच वंदन करावे.

जेथे उत्साह थांबला पाहिजे

येथे एक आकडेवारी शांतपणे वाचण्यासारखी आहे. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉन स्पर्धांमधील मृत्यू व हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटनांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९० घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. बहुसंख्य पुरुष होते, आणि वयाबरोबर, विशेषतः साठीनंतर, धोका वाढत गेलेला दिसला. एकूण सहभागी स्पर्धकांच्या मानाने प्रमाण अल्पच, लाखात दोनांहूनही कमी. पण ज्या घरातला माणूस जातो त्या घराला शेकडेवारीने सांत्वन मिळत नाही.

पोहतानाच असे का व्हावे? स्पर्धेचा आरंभ पोहण्याने होतो. शरीर अजून तापलेले नसते, मन धास्तावलेले असते, भोवती गर्दी असते, आणि दम लागला तर थांबून उभे राहण्याची सोय नसते. धावणारा माणूस रस्त्याच्या कडेला बसतो. पोहणाऱ्याला कडच नसते. तलावात दर पंचवीस मीटरांवर भिंत आहे, तळाला रेघ आहे, पाणी स्थिर आहे. समुद्रात यांतले काहीच नाही. म्हणून तलावात एक किलोमीटर सहज पोहणारा माणूस समुद्रात दोनशे मीटरांवर घाबरू शकतो. छताखालच्या सरावाचा हा मोठा उणेपणा आहे : तो दम वाढवितो, समुद्राची ओळख करून देत नाही. चार महिन्यांच्या सरावाने आलेला आत्मविश्वास या ठिकाणी उपयोगीही पडतो आणि घातकही ठरतो.

त्यासाठी काही नियम काटेकोर पाळावे लागतात. चाळिशी उलटलेल्याने, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असेल तर कोणत्याही वयाच्या माणसाने, आरंभापूर्वी हृदयाची तपासणी करून वैद्यकीय संमती घ्यावी. छातीत दडपण, भोवळ किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप जाणवली तर त्याच क्षणी थांबावे; ‘एवढे पुरे करून थांबतो’ हा विचारच घात करतो. समुद्रात एकट्याने कदापि उतरू नये. स्थानिक जाणकाराला विचारल्याशिवाय जागा निवडू नये. कमरेला बांधून मागे तरंगणारा भडक रंगाचा फुगा जवळ ठेवावा. किनाऱ्याला समांतर, छातीभर पाण्यात पोहावे. खोल समुद्राकडे तोंड करून नव्हे. प्रवाहाने ओढलेच तर त्याच्याशी झुंज न घेता किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे आणि मग परतावे. आणि ज्याला समुद्राची भीती वाटते त्याने खुशाल तलावातच पोहावे. छताखालची ट्रायथलॉन ही काही कमी दर्जाची ट्रायथलॉन नाही. पन्नाशी-साठीनंतर अनेकांसाठी तीच योग्य होय.

व्रत आणि आहार

जैन घरात या खेळाविषयी पहिली शंका निघते ती आहाराची. कंदमुळे नाहीत, मध नाही, रात्री अन्न नाही, कित्येकांना रात्री पाणीही नाही. मग बळ कोठून यायचे? शंका रास्त आहे, पण उत्तर अवघड नाही. एका मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम कर्बोदके असतात. तास-दीड तासाच्या सरावाला केळे, खजूर, गूळ, खाकरा, कुरमुरे यांपैकी काहीही पुरते. सरावानंतर मुगाचे धिरडे, दूध, दही, डाळ-भात यांनी स्नायूंची झीज भरून निघते. बाजारातील तयार शक्तिवर्धक पाकिटांत कित्येकदा मध किंवा अन्य वर्ज्य घटक असतात. वेष्टन वाचल्याशिवाय ती घेऊ नयेत. त्यापेक्षा घरचे पेय बरे : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

सूर्यास्तापूर्वीचे भोजन हा तर या साधनेत लाभच आहे. लवकर जेवणारा लवकर झोपतो आणि पहाटे हलक्या पोटाने उठतो. जपायचे ते पाण्याला. जानेवारीत येथे सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. नवकारशी पाळणाऱ्यास त्यानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे आठच्या पुढे पाणी घेता येते. अशा व्यक्तीने कठीण सराव आठनंतर, पाणी घेऊन करावा; त्यापूर्वी केवळ चालणे आणि हलकी आसने. उपवासाच्या दिवशी सराव नको. पर्युषणात वा दशलक्षण पर्वात चौथ्या आठवड्याची ती ठरलेली विश्रांती आणून ठेवावी. शरीराची विश्रांती आणि मनाची आराधना एकत्र साधते. आणि स्पर्धेला अजून काही आठवडे असल्याने तयारीचेही नुकसान होत नाही. तप आणि व्यायाम एकाच दिवशी ओढण्याचा हट्ट धरला तर दोन्ही बिघडतात.

एकाच घड्याळावर सारे घर

छताखालच्या स्पर्धेची जी खुबी आरंभी सांगितली, तिचा सर्वांत सुंदर उपयोग कुटुंबाला आहे. अंतराऐवजी वेळ मोजली की आजोबा आणि नात एकाच स्पर्धेत उतरू शकतात. दहा मिनिटे, तीस मिनिटे, वीस मिनिटे. आजोबा दहा मिनिटांत शंभर मीटर पोहतील, नात तीनशे. आजी पोहण्याऐवजी पाण्यात चालेल. प्रत्येकाने आपला आकडा वहीत लिहावा आणि पुढील वेळी त्याची तुलना स्वतःच्याच मागील आकड्याशी करावी. दुसऱ्याच्या खात्याशी नव्हे. शिकागो किंवा टोरांटोच्या बर्फात छताखाली सराव करणारा मुलगा आणि दिवेआगरच्या सुरूच्या बनात सायकल काढणारे वडील हे सुद्धा हीच वही दोन ठिकाणी लिहू शकतात. आणि डिसेंबरच्या सुटीत मुलगा घरी आला की तिथी पाहून दोघांनी एकत्र किनाऱ्यावर उतरावे.

जे हवाई बेटावरचे २२६ किलोमीटरांचे दिव्य करतात त्यांचे कौतुक जरूर असावे. परंतु साठीतील गृहस्थाने एक पावसाळाभर ओटीवर नियमाने पाय हलवले, रक्तातील साखर आटोक्यात आणली आणि पौषातील एका सकाळी घट्ट वाळूवरून पाच किलोमीटर धावून तो हसतमुख घरी परतला, तर त्याच्या घराला पदकाहून मोठी गोष्ट मिळाली असे समजावे. वादळानंतर दिवेआगरच्या वाड्यांत लावलेली रोपे अशीच वाढत आली : रोज थोडी, कोणाच्या नजरेत न भरता.